पंधरा जूनच्या मध्यरात्री

१४ जून २०२३ची रात्र. आमचे चिरंजीव दहावी संपवून जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसले होते. इथे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा नियम असा की डिव्हिजन एकच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या, कोचांनी मुलाला फोन-मेसेज करायला सुरुवात करायची ती दहावीनंतरच्या १५ जूनपासून. त्यामुळे त्या रात्री बारा वाजता देशभरातली असंख्य पोरं अशीच जागी असतात. त्याच्या क्लबमधल्या दोघांचे फोन बाराच्या ठोक्याला वाजायला लागले, हे त्याला ग्रुपवर कळलं. आमच्या घरात वाजत होता तो फक्त फ्रिज. दीड वाजता मी म्हटलं, "झोप आता." तो "हो" म्हणाला आणि बसून राहिला.

सकाळी साडेनऊला एक मेसेज आला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत तो खाली आला. मेसेज एका कॉलेजच्या उन्हाळी कॅम्पचा होता. फी १७५ डॉलर.

तिथून ऑगस्ट २०२५पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षं, आम्ही मुलाला कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळवण्याच्या या प्रकरणात होतो. इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळातल्या तीन आयांनी गेल्या काही महिन्यांत फोन करून "हे नक्की असतं तरी काय?" असं विचारलं. तिघींना तुकड्यातुकड्यांत सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी आमची कुवत सांगते. मुलगा ६ फूट १ इंच, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा. आमच्या घराण्यात ही उंची म्हणजे ताडमाड, पण कोर्टावर तो बुटकाच. नवरा मुंबई सेंट्रलचा. लहानपणी नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टाच्या कुंपणाला लोंबकळून मॅचेस बघितलेला, त्यामुळे खेळाची ओढ त्याच्याकडून आलेली. मी सांगलीची. मला कबड्डीतलं कळतं. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्याने "झालंय" म्हटलेल्या कामात चुका शोधायच्या. या प्रकरणात बास्केटबॉलपेक्षा तोच अनुभव जास्त उपयोगी पडला.

२०२३चा उन्हाळा क्लबच्या स्पर्धांमध्ये गेला. शाळेच्या टीममधून खेळणं वेगळं, आणि एप्रिल ते जुलै क्लबकडून राज्याराज्यांत फिरणं वेगळं. कोच बघायला येतात ते मुख्यतः या दुसऱ्या ठिकाणी. क्लबची फी २,४०० डॉलर, हॉटेल-पेट्रोल निराळं. बऱ्याच स्पर्धांत हॉटेलसुद्धा त्यांच्याच यादीतलं घ्यावं लागतं, बाहेर स्वस्त मिळालं तरी चालत नाही. वर आईबापांनाच आत जायला शनिवार-रविवारचं तिकीट, कधी तीस तर कधी चाळीस डॉलर. डब्यात पोळीभाजी न्यायला लागले तेव्हा नवऱ्याने आधी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन कुटुंबांनी पोळीचा रोल मागून घेतला.

जुलैतल्या ठरावीक दिवसांना लाइव्ह पिरियड म्हणतात. त्या दिवसांत कोच प्रत्यक्ष येऊन बघू शकतात, मात्र स्पर्धा चालू असताना मुलाशी किंवा आमच्याशी बोलू शकत नाहीत. कॉलेजचा शर्ट घातलेली माणसं बेसलाइनमागे ओळीने बसलेली असतात, हातात कागद, चेहरे निर्विकार. लग्नघरात रुसलेले पाहुणे बसावेत तशी. पहिल्या दिवशी एकजण माझ्याकडे बघून मान हलवून गेला, तर माझी रात्रभर झोप उडाली. नंतर कळलं, तो स्वच्छतागृह शोधत होता.

त्या ऑगस्टमध्ये मी एक तक्ता केला आणि मुलाने ६४ कोचांना ईमेल लिहिले. ते त्यानेच लिहिले, मी फक्त कॉलेजचं नाव बरोबर पडलंय का ते तपासलं. (एकदा चुकलं होतं. एका कॉलेजच्या कोचला "मला तुमच्या प्रतिस्पर्धी कॉलेजात यायला आवडेल" अशा अर्थाचा मजकूर गेला. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं.) ६४ पैकी १९ उत्तरं आली आणि त्यातली ११ कॅम्पची आमंत्रणं निघाली. "आमच्या एलिट कॅम्पसाठी तुझी निवड झाली आहे" हे वाक्य वाचून पेढे वाटू नका. ते शेकडो मुलांना जातं, कॅम्पच्या फीवर तिथल्या कमी पगाराच्या असिस्टंट कोचांचा उन्हाळा निघतो. ज्या कोचने तुमच्या मुलाच्या एखाद्या ठरावीक मॅचबद्दल काही लिहिलंय, त्याच्याच कॅम्पला पैसे भरा. आम्ही दोन कॅम्प केले. एक वाया गेला, एक कामी आला.

व्हिडिओसाठीही पैसे मागणारे भेटतात. एका "रिक्रूटिंग सल्लागारा"ने २,८०० डॉलर सांगितले, त्यात व्हिडिओ आणि "कोचांशी थेट संपर्क". कोचांचे ईमेल कॉलेजच्या वेबसाइटवर असतात, फुकट. मुलाने हडल या व्हिडिओ साइटवर स्वतःच साडेतीन मिनिटांची क्लिप जोडली आणि खाली दोन पूर्ण मॅचेसच्या लिंक दिल्या. नंतर एका कोचने सांगितलं की क्लिप तो अर्धा मिनिट बघतो आणि लगेच पूर्ण मॅच उघडतो, चूक झाल्यावर मुलगा डिफेन्सला पळत परत येतो की हात वर करून पंचाकडे बघतो ते पाहायला. त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून आमच्याच मुलाचे हात किती वेळा वर गेलेत ते मोजलं. सात.

अकरावीच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४मध्ये, दोन गोष्टी कळल्या. पहिली कागदाची. डिव्हिजन एक किंवा दोनमध्ये खेळायचं तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या पात्रता केंद्रात नोंदणी लागते, फी शंभरेक डॉलर. तिथे शाळेतले १६ "कोअर" विषय मोजतात, आणि डिव्हिजन एकसाठी त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्या दहात सात इंग्रजी-गणित-विज्ञानातले. आमच्या शहाण्याने आदल्या उन्हाळ्यात भूमिती ऑनलाइन करून टाकली होती. तो ऑनलाइन कोर्स मान्य यादीत नाही, हे आम्हाला जानेवारीत समजलं. शाळेच्या समुपदेशकांना अशी केस आधी आली नव्हती. चार ईमेल, दोन भेटी आणि सहा आठवडे गेले, शेवटी एक विषय बदलून घेऊन आकडा जमवला. तुमच्या शाळेच्या मान्य विषयांची यादी त्या केंद्राच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली असते. नववीतच बघून ठेवा. डिव्हिजन तीनला हे प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट जड होती. २०२१पासून खेळाडूंना कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४मध्ये कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. त्यामुळे कोचसमोर दोन पर्याय असतात: एक १८ वर्षांचं शाळकरी पोर आणि दुसरा २१ वर्षांचा, कॉलेजात दोन हंगाम खेळलेला गडी. तुम्ही कोच असता तर कोणाला घेतलं असतं? आमच्याशी बोललेल्या डिव्हिजन एकच्या प्रत्येक असिस्टंटचं शेवटचं वाक्य एकच होतं: "मार्चमध्ये पोर्टल उघडल्यावर बघू." (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी.) माझ्या आईला फोनवर हे समजावून सांगत होते. ती म्हणाली, "अगं, म्हणजे 'नंतर कळवतो' म्हणाले ना? मग नाही आहे ते." तीन लग्नं जमवलेली बाई. तिने जे एका मिनिटात ओळखलं, त्याला आम्हाला आठ महिने लागले.

२०२४च्या उन्हाळ्याअखेर चार ठिकाणं उरली. घरात त्यांना आम्ही टोपणनावं दिली होती, तीच इथे वापरते.

'मोठं' म्हणजे डिव्हिजन एकचं सरकारी विद्यापीठ, आमच्यासाठी परराज्यातलं. ऑफर "प्रेफर्ड वॉक-ऑन"ची: टीममध्ये जागा, स्कॉलरशिप शून्य, वर्षाचा खर्च साधारण ४८,००० डॉलर. 'पेनसिल्व्हेनियाचं' डिव्हिजन दोनचं. तिथे पुरुषांच्या अख्ख्या टीमसाठी दहा पूर्ण स्कॉलरशिपइतकीच रक्कम असते आणि कोच ती तुकडे करून वाटतो. आमच्या वाट्याला १७,००० येत होते, भरायचे उरत होते २५,०००. 'नावाजलेलं' आणि 'ओहायोचं' ही दोन्ही डिव्हिजन तीनची. तिथे खेळासाठी एक छदामही देता येत नाही, असेल ती मदत मार्कांवर किंवा गरजेवर. 'नावाजलेल्या'चं नाव घेतलं की मंडळातले लोक भुवया उंचावतात. 'ओहायोच्या'चं घेतलं की विचारतात, "कुठे आलं म्हणे ते?"

खरं सांगायचं तर मला 'नावाजलेलं'च हवं होतं. तिथे जुलैमध्ये प्री-रीड झाला. म्हणजे कोच मुलाचे मार्क आणि बारावीचे विषय प्रवेश विभागाकडे देतो आणि तो विभाग अंदाज सांगतो की अर्ज केला तर काय होईल. आमचं उत्तर अनुकूल आलं. कोच म्हणाला, १ नोव्हेंबरला अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी पाठीशी आहे. अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी: मिळालं की जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मी मनातल्या मनात त्या कॉलेजचा स्टिकर गाडीला लावूनही टाकला होता.

सप्टेंबरात त्या कोचचे मेसेज विरळ झाले. ७ सप्टेंबरला गणपती बसले, त्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा होता. चिरंजीव आरतीला खिशात फोन घेऊन उभे, मीही ओरडले नाही. फोन आला नाही. ९ ऑक्टोबरला आला, सव्वाचार मिनिटं. एका उंच गार्डने आधी होकार दिला होता आणि प्रवेश विभागाकडे शब्द टाकायला कोचकडे जागा उरली नव्हती. "तू रेग्युलरला अर्ज नक्की कर." (रेग्युलर म्हणजे नंतरची, बांधिलकी नसलेली फेरी.) मुलगा "थँक यू, कोच" म्हणाला, फोन ठेवला आणि अंगणात जाऊन अंधारात शूटिंग करत बसला. मी आत भांडी घासत होते, डिशवॉशर असून.

यावरून शिकलेली व्यवहाराची गोष्ट: प्री-रीड अनुकूल येणं आणि कोचने आपल्यासाठी शब्द टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तुम्ही प्रवेश विभागाकडे दिलेल्या यादीत माझं नाव आज आहे का?" असं मुलाने सरळ विचारावं, ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरअखेर पुन्हा. उद्धटपणा वाटेल म्हणून आम्ही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये उरलेल्या तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. 'मोठ्या'ची व्हिजिट अनऑफिशियल, म्हणजे आपल्या खर्चाने. जिम बघून नवऱ्याचे डोळे विस्फारले. लॉकरवर मुलाच्या नावाची पाटी, त्याच्या मापाची जर्सी, फोटो. फोटोपुरतीच, जर्सी परत घेतात. मग ऑफिसात बसल्यावर मी विचारलं, "वॉक-ऑन किती असतात?" त्याच सुमारास खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या मोठ्या खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची प्राथमिक मंजुरी मिळाली होती आणि तीत बास्केटबॉलच्या टीमला १५ खेळाडूंची कमाल मर्यादा प्रस्तावित होती. त्यांच्याकडे तेव्हा १७ होते. असिस्टंट प्रामाणिक होता. म्हणाला, आमचं विद्यापीठ त्यात सामील होणार की नाही हे मलाच माहीत नाही. परतताना गाडीत दोन तास कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "आई, तिथे मी टाळ्या वाजवायला जाणार." पहिल्यांदाच तो नवऱ्याच्या नव्हे, माझ्या बाजूने बोलला.

'पेनसिल्व्हेनियाचा' कोच मात्र मनापासून आवडला. ऑफिशियल व्हिजिट होती, दोन रात्रींचा खर्च त्यांचा. त्याने मुलाची चौथ्या क्वार्टरमधली एक चूक बोर्डावर काढून दाखवली आणि तिथेच सुधारून घेतली. अडचणी दोन. मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग हवं होतं आणि ते तिथे नव्हतं, त्याच्या जवळपासचा एक कोर्स होता. शिवाय १७,००० डॉलरचा करार एका वर्षाचा होता, दरवर्षी नवा. "आम्ही कधी काढून घेतलेला नाही," असं कोच म्हणाला आणि तो खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पण कोच बदलला तर? मी कागदावर बघितलं, तिथे हे वाक्य नव्हतं. आणि त्याला उत्तर १५ नोव्हेंबरपर्यंत हवं होतं.

'ओहायोचं' आठ तासांवर. मक्याची शेतं, एक गॅस स्टेशन, पुन्हा मक्याची शेतं. मुलगा रात्री टीममधल्या एका पोराच्या खोलीत राहिला, आम्ही मोटेलात. कोचने दुसऱ्या दिवशी सगळा रोस्टर, म्हणजे टीमची यादी, टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. "हे तीन गार्ड तुझ्या पुढे आहेत. पहिल्या वर्षी तू फार खेळणार नाहीस. दुसऱ्या वर्षी हा एक जाईल, तेव्हा तुझ्यावर आहे." एवढं उघड बोलणं आम्ही वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी प्रॅक्टिस संपल्यावर मुद्दाम थांबले. बॉल कोण गोळा करतं ते बघितलं. सगळेच करत होते, चौथ्या वर्षाचा कॅप्टनसुद्धा. बारीकसारीक वाटेल, पण सासर-माहेर दोन्हीकडे नांदलेल्या बाईला घर कळतं ते भांडी कोण उचलतं यावरून.

रोस्टर प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. आपल्या मुलाच्या जागेवर किती जण, कोणत्या वर्षाचे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या रोस्टरमधले किती टिकलेत, हे मोजायला एक संध्याकाळ पुरते. 'मोठ्या'कडे दोन वर्षांपूर्वीच्या चौदातले तीन उरले होते. 'ओहायो'त पदवी घेऊन गेलेले सोडले तर दोनच जण गळले होते.

'ओहायोच्या'ची छापील फी ७१,०००. मार्कांवर ३३,००० सूट, चारही वर्षं, फक्त मार्कांची सरासरी ४ पैकी ३.०च्या वर ठेवायची, आणि हे पत्रात लिहिलेलं. खेळ सोडला तरी सूट राहते, हेही मी तिथल्या ऑफिसकडून ईमेलवर लिहून घेतलं. उरले ३८,०००. गरजेवर आणखी काही मिळेल का, ते कळायला आर्थिक मदतीचे अर्ज भरायचे होते. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा सरकारी फॅफ्सा त्या वर्षी सगळ्यांसाठी उघडला २१ नोव्हेंबरला, म्हणजे पेनसिल्व्हेनियाची मुदत उलटल्यावर. दुसरा अर्ज, सीएसएस प्रोफाइल, आधी भरला होता, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. दोन्ही अर्जांत आणखी एक गंमत: राहत्या घराखेरीज असलेली स्थावर मालमत्ताही दाखवावी लागते, मग ती भारतात का असेना. सासऱ्यांनी डोंबिवलीचा वन बीएचके कौतुकाने आमच्या नावावर केला होता. त्याची आजची किंमत डॉलरमध्ये लिहिताना नवरा हळहळला. "कागदावर आपण जमीनदार झालो!" भारतात नावावर काही असेल तर त्याचे कागद सप्टेंबरातच मागवून ठेवा.

१५ नोव्हेंबरच्या आदल्या आठवड्यात घरात वितंडवाद झाला. नवरा पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने: वर्षाला १३,००० कमी, डिव्हिजनही वरची. मी अजून 'नावाजलेल्या'ला रेग्युलरने अर्ज करायच्या वेड्या आशेत. मुलाने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुडघा गेला तर मी कुठे राहीन, एवढंच बघतोय." त्याच्या क्लबमधल्या एका मुलाचा एप्रिलमध्ये गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) तुटला होता आणि त्याला येणारे सगळे मेसेज आठवडाभरात थांबले होते. आम्ही दोघं गप्प झालो.

नकाराचा फोन त्यानेच करायचा, हे आधीच ठरलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या कोचला फोन लावायला त्याला दोन दिवस लागले. कागदावर चार वाक्यं लिहून घेतली होती, पहिलं वाचल्यावर पुढची गेलीच. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कोच म्हणाला, "फोन केलास, बरं वाटलं. बहुतेक जण मेसेजही करत नाहीत." 'मोठ्या'च्या असिस्टंटला फोन केला तेव्हा तो नोकरी सोडून दुसरीकडे गेल्याचं कळलं. व्हिजिटला तीन आठवडेही झाले नव्हते.

ओहायोचं प्रवेशपत्र डिसेंबरात आलं, मदतीचं पत्र जानेवारीअखेर: आणखी ४,०००. निव्वळ ३४,०००. ५०० डॉलर डिपॉझिट भरलं. मंडळाच्या संक्रांतीत एका काकूंनी "कुठे ठरलं?" विचारलं आणि उत्तर ऐकून "असू दे, असू दे" म्हणत हातावर तिळगूळ ठेवला.

एक शेवटचा कागद राहिला होता. खेळण्याआधी एनसीएएला सिकल सेलच्या तपासणीचा पुरावा लागतो, डिव्हिजन तीनमध्येही. मला सिकल सेल म्हटलं की गडचिरोली-नंदुरबार आठवतं, इथे बास्केटबॉलच्या फॉर्मवर तो शब्द बघून दचकलेच. इथे जन्मलेल्या मुलांची ही चाचणी जन्मतःच झालेली असते, पण तो जुना रिपोर्ट मिळवण्यात तीन आठवडे घालवून शेवटी आम्ही रक्त पुन्हा तपासून घेतलं. मेमध्येच करा. आम्ही जुलैत केलं.

नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांची पहिली घरची मॅच झाली. संध्याकाळी सातला, म्हणजे सांगलीत पहाटे साडेपाच. आईने चहा करून लाइव्ह स्ट्रीम लावला होता. मुलगा शेवटची तीन मिनिटं चाळीस सेकंद खेळला, एक पास चुकला, एक फ्री थ्रो आत गेला. मॅच संपायच्या आत आईचा फोन.

"अगं, तो सारखा बसलेलाच का दिसतोय?"

"त्याच्यापुढे तिघं आहेत, आई. कोचने आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं का?" ती म्हणाली. "मग बसू दे."